पावसाळ्यात घरातले किडे: कूलरपासून कोठीपर्यंत या चुका टाळा

जून-जुलै आला की ओळखीच्या घरांतून तोच प्रश्न येतो: झुरळं फार झाली, डास वाढले, गव्हात सोंडे दिसले, कोणतं औषध मारू? मी आधी विचारते, ओल कुठे आहे? भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते आणि किडे दबून असतात. पहिल्या पावसानंतर उकाडा बराचसा तसाच राहतो, त्यात दमटपणा येऊन मिळतो. किड्यांच्या वाढीला हीच हवा लागते. ज्या घरात ओल तोडलेली नाही, तिथे औषधाचा डबा दर महिन्याला आणावा लागतो.

कूलर बंद केला आणि विसरला

पाऊस सुरू झाला की कूलरचं बटण बंद होतं आणि टाकीच्या तळाला चार बोटं पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही, तो अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो. या हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात.

तो पाळणारेही बहुतेक जण फक्त पाणी ओतून देतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने तग धरतात, आणि पुढच्या मार्चमध्ये टाकी भरली की फुटतात. टाकी आतून काथ्याने खसाखसा घासायची, उन्हात पालथी घालायची आणि जुनं गवत फेकून द्यायचं. ओलं गवत ‘पुढच्या वर्षी चालेल’ म्हणून माळ्यावर टाकणाऱ्यांचा मला फार राग येतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या वस्तीत ड्रम आणि रांजणालाही हाच नियम लावा, वरून कापड घट्ट बांधा. फ्रिजच्या मागचा ट्रेही बघा, तो कोणीच बघत नाही. आणि रात्री कॉइल लावून डेंग्यूचा बंदोबस्त झाला असं समजू नका, हा डास दिवसा चावतो.

शेतातलं औषध घरात

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. आपल्याकडे कपाशीमुळे जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात फवारणीची अर्धी बाटली उरलेली असते. ती ढेकणांसाठी खाटेवर आणि झुरळांसाठी ओट्याखाली मारतात. उघड्या शेतासाठी केलेलं विष आपण बंद खोलीत, पोरांच्या अंथरुणाशेजारी फवारतो.

धान्यात ठेवायच्या गोळ्या तर त्याहून वाईट. यावलकडच्या आमच्या नात्यातल्या एका घरी गव्हाच्या कोठ्या झोपायच्या खोलीत होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर घरधन्याने फडक्यात गोळ्या बांधून कोठ्यांत टाकल्या. मी तिथेच होते. म्हटलं, निदान पोरांना या खोलीत झोपवू नका. उत्तर आलं, ‘काही व्हत नही ताई.’ त्याचे वडीलही असंच करत, हे खरं. पण तेव्हा कोठ्या उघड्या ओसरीत असत, आता सिमेंटची खोली आणि पावसामुळे लावून घेतलेल्या खिडक्या. रात्री दोन्ही पोरांना उलट्या सुरू झाल्या, मग धाप लागली. खाण्यात काही आलं असेल म्हणून घरचे लिंबू-पाणी पाजत बसले. पहाटे जळगावला नेलं, तिथे आजीला गोळ्यांची आठवण झाली आणि तिने डॉक्टरांना सांगितलं. पोरं वाचली, पण अतिदक्षता विभागातून त्यांना बाहेर यायला वेळ लागला.

ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि दमट हवेत तो भराभर सुटतो. त्याच्यावर उतारा नाही. ही गोळी गोदामांसाठी, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली वापरायची वस्तू आहे, राहत्या घरात तिला जागा नाही. कोणाकडे टाकलेली असेल तर सगळ्यांनी आधी खोलीबाहेर पडा. त्रास होत असेल तर रिकामं पाकीट बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

मुळात धान्य नीट वाळवलं तर गोळीची वेळ येत नाही. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातही कीड असू शकते. मी गहू आणि दादर ज्वारी गच्चीवर कडक उन्हात पसरते, दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत. मग घाई न करता रात्रभर घरात गार होऊ देते आणि सकाळी कोठीत भरते. उन्हातून तापलेलं धान्य तसंच भरलं की पत्र्याला आतून घाम धरतो आणि वरचा थर ओला होतो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला घाला. हिरवा पाला म्हणजे कोठीत आपल्या हाताने टाकलेली ओल. कोठीच्या तळाला मागच्या सालचे दाणे ठेवू नका. डाळींना एरंडेलाचा हात लावा.

बाकीच्या चुका थोडक्यात

झुरळांसाठी जेल लावलं की त्या जागी स्प्रे मारू नका, मारला तर झुरळं जेलला तोंड लावत नाहीत. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी अंगाला चिकटवून फिरते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी जेल पुन्हा लावा. एका रात्रीत सगळी मेली पाहिजेत, असा हट्ट धरणाऱ्यांकडेच झुरळं वर्षभर टिकतात. रात्री मोरी कोरडी करून झोपा.

ढेकणांसाठी नुसती गादी उन्हात टाकून भागत नाही, ते खाटेच्या सांध्यांत आणि भिंतीच्या फटींत असतात. खाट अंगणात काढून सांध्यांत उकळतं पाणी ओता.

वाळवीची मातीची नळी खरवडून वर रॉकेल फासणारे दर पावसाळ्यात भेटतात. वसाहत जमिनीत असते, चार दिवसांत शेजारी दुसरी नळी उभी राहते. भिंतीलगतच्या मातीत औषध सोडावं लागतं आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावं. त्याआधी गळका नळ बंद करा, आणि चुलीसाठी भिंतीला टेकवून ठेवलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) तिथून हलवून अंगणात दगडांवर रचा.