एका लॅपटॉपवर दोन यूएसबी माईक कसे चालवावे

दोन यूएसबी माईक आहेत, लॅपटॉपला दोन पोर्ट आहेत. दोन्ही लावले की आवाजाच्या सेटिंगमध्ये दोन्ही दिसतात. मग रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की इनपुट म्हणून निवडता येतो एकच. घरच्या घरी पॉडकास्ट करू पाहणारे बहुतेक जण इथे येऊन अडतात. त्यात त्यांचं काही चुकलेलं नसतं. ऑडॅसिटी हे फुकटचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकाच डिव्हाइसवरून आवाज घेतं, आणि विंडोजवर संगीताची बहुतेक सॉफ्टवेअरं एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि ऑडिओ उपकरण यांना जोडणारा दुवा) उघडतात. या अडचणीवर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. पण कुठला उपाय का चालतो हे कळायला आधी माईकच्या आतल्या घड्याळाबद्दल दोन शब्द.

प्रत्येक यूएसबी माईकमध्ये किंवा ऑडिओ इंटरफेसमध्ये (साधे माईक संगणकाला जोडणाऱ्या डबीत) स्वतःचा क्रिस्टल असतो. हेच त्याचं घड्याळ. त्याच्या ठेक्यावर आवाजाचे नमुने घेतले जातात, साधारणपणे सेकंदाला ४८ हजार, म्हणजेच ४८ किलोहर्ट्‌झ. हे दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. दशलक्षामागे ३० चा फरक धरला, तर एक माईक सेकंदाला दीडेक नमुना जास्त घेतो. ऐकायला किरकोळ, पण तासाभरात हा फरक ०.१०८ सेकंदावर जातो. दोन खोल्यांत बसून एकच ठेका धरणाऱ्या दोन तबलजींचं जे होईल, तेच: पहिली सम बरोबर पडते, विसाव्या मिनिटाला नाही.

एकाच खोलीत दोघं बोलत असतील तर याचा त्रास जास्त, कारण तुमचा आवाज समोरच्याच्या माईकमध्येही थोडा शिरलेला असतो. दोन ट्रॅक थोडेसे सरकले की आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो, आणखी सरकले की सरळ प्रतिध्वनी ऐकू येतो. म्हणूनच पाच मिनिटांची चाचणी झकास होते आणि पन्नास मिनिटांचा भाग शेवटी बिघडतो. लोक मग माईकला दोष देतात.

त्यामुळे दुसरा माईक अजून विकत घेतला नसेल, तर घेऊ नका. त्याऐवजी दोन इनपुटांचा एक ऑडिओ इंटरफेस आणि दोन साधे एक्सएलआर माईक (तीन पिनांच्या गोल वायरने जोडायचे) घ्या. एक यूएसबी वायर, एकच घड्याळ, प्रश्नच संपला. चार जणांच्या गप्पा असतील तर चार इनपुटांचा घ्या. दोन इनपुटांचे दोन इंटरफेस घेऊन जोडायच्या भानगडीत पडू नका. पण खरेदी होऊन गेली असेल, किंवा मित्र त्याचा माईक घेऊन येणार असेल, तर पुढे वाचा.

जोडण्याआधी

दोन्ही माईक शक्यतो लॅपटॉपच्याच पोर्टमध्ये लावा. हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी) वापरावाच लागला तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३.० मधून ९००. बिनअडॅप्टरचा चार तोंडांचा हब मात्र नियमाप्रमाणे एका तोंडाला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. एखादा साधा माईक तेवढ्यावर भागवेल. कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) पुरवणारा इंटरफेस भागवणार नाही. तो मध्येच गायब होईल किंवा टकटक आवाज काढेल.

डेटाची चिंता सहसा लोक करतात तेवढी नसते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, दोन चॅनेल म्हणजे सेकंदाला २.३ मेगाबिट. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट. मात्र बरेच यूएसबी माईक जुन्या १२ मेगाबिटच्या वेगाने चालतात, आणि स्वस्त हबमध्ये अशी सगळी उपकरणं मिळून एकाच १२ मेगाबिटच्या वाटेने जातात. शिवाय माईकला हेडफोनचं भोक असेल तर उलट दिशेचा आवाजही त्याच वाटेने जातो. दोन माईक सहज मावतात. तिसरा-चौथा आला आणि सगळे ९६ किलोहर्ट्‌झवर ठेवले की कुरकुर सुरू होते. बोलण्यासाठी ४८ पुरे आहे, ९६ चा हट्ट सोडा.

सगळी उपकरणं नमुन्यांच्या एकाच दरावर आणा, ४८ किलोहर्ट्‌झ. एक ४४.१ वर आणि दुसरं ४८ वर हा गोंधळ फार वेळा सापडतो. विंडोजमध्ये जुनं साऊंड पॅनेल उघडा, रेकॉर्डिंगच्या पानावर माईक निवडा, प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड. तिथेच एखाद्या प्रोग्रॅमला माईकचा एकट्याने ताबा देणारी खूण असते, तीही काढून टाका. याच खिडकीत पहिल्या पानावर माईकचं नाव बदलता येतं. दोन्ही माईक एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे असतील तर हे आधी करा, कारण यादीत दोन्हींची नावं जवळपास सारखीच दिसतात. कुठला कोणता हे ओळखायला एकाच्या जाळीवर नखाने टिचकी मारा आणि कुठली पट्टी हलते ते बघा. मग ‘खिडकीकडचा’, ‘दाराकडचा’ अशी नावं द्या आणि माईकच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर तेच लिहा.

मॅकवर

इथे काम सर्वांत सोपं आहे, कारण सोय आतच दिलेली आहे.

१. ॲप्लिकेशन्समधल्या युटिलिटीज फोल्डरमध्ये ऑडिओ मिडी सेटअप उघडा. ऑडिओ उपकरणांची खिडकी दिसली नाही तर विंडो मेनूतून ती काढा.

२. डावीकडे खाली अधिकचं चिन्ह आहे. त्यातून ‘क्रिएट ॲग्रिगेट डिव्हाइस’ निवडा.

३. उजवीकडच्या यादीत दोन्ही माईकांपुढे खूण करा. ज्या क्रमाने खुणा कराल त्याच क्रमाने चॅनेलना नंबर मिळतात.

४. वर क्लॉक सोर्स लिहिलेलं असतं. तिथे दोघांपैकी एक निवडा. त्यातल्या त्यात चांगला असेल तो, किंवा इंटरफेस आणि माईक अशी जोडी असेल तर इंटरफेस.

५. उरलेल्या माईकपुढे ड्रिफ्ट करेक्शनची खूण करा. ज्याला घड्याळ नेमलं त्याच्यापुढे ती करायची नाही.

सगळी किमया या पाचव्या पायरीत आहे. दुसऱ्या माईकचे नमुने मॅक सतत मोजत राहतो आणि पहिल्याच्या ठेक्याशी जुळवून पुढे देतो. ही खूण राहून गेली तर पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही, आणि म्हणूनच ती राहून जाते.

आता गॅरेजबँड या मॅकच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून हे नवं उपकरण निवडा आणि दोन ट्रॅक करून प्रत्येकाला वेगळं इनपुट द्या. काही यूएसबी माईक मोनो असूनही दोन चॅनेल दाखवतात. तसं असेल तर दुसरा माईक २ नंबरवर सापडणार नाही, ३ वर सापडेल. शिवाय गॅरेजबँड सुरुवातीला निवडलेला एकच ट्रॅक रेकॉर्ड करतं. ट्रॅक मेनूत कॉन्फिगर ट्रॅक हेडरमध्ये जाऊन रेकॉर्ड एनेबलचं बटण दाखवायला सांगा, मग दोन्ही ट्रॅकवरचं ते बटण दाबा.

दोघांनाही हेडफोनवर संगणकाचा आवाज ऐकायचा असेल तर त्याच अधिकच्या चिन्हाखाली ‘मल्टी-आउटपुट डिव्हाइस’ आहे. रीत तीच, घड्याळाची आणि खुणेची.

विंडोजवर

मॅकसारखी जोडणी विंडोजमध्ये आत नाही. बाहेरून करायच्या तीन वाटा आहेत, त्यांपैकी बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी मी ओबीएस हे फुकटचं सॉफ्टवेअर सुचवतो. ते मुळात व्हिडिओसाठीचं असलं तरी वेगवेगळ्या माईकचा आवाज एकत्र घेऊन वेगळ्या ट्रॅकवर ठेवणं त्याला सहज जमतं, आणि सहा ट्रॅकपर्यंत जमतं.

१. सेटिंग्जमधल्या ऑडिओच्या पानावर नमुन्यांचा दर ४८ ठेवा आणि ग्लोबल माईक (ओबीएस आपणहून घेतं तो) बंद करा. तो चालू राहिला तर तोच आवाज दोनदा येतो.

२. सोर्सेसमध्ये अधिक दाबून ‘ऑडिओ इनपुट कॅप्चर’ घ्या, पहिला माईक निवडा. पुन्हा तेच करून दुसरा.

३. सेटिंग्जमध्ये आउटपुटच्या पानावर मोड ॲडव्हान्स्ड करा. रेकॉर्डिंगमध्ये फॉरमॅट एमकेव्ही आणि ट्रॅक १, २, ३ यांवर खुणा.

४. मिक्सरमधून ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज उघडा. पहिला माईक ट्रॅक १ आणि २ वर, दुसरा ट्रॅक १ आणि ३ वर. म्हणजे १ वर दोघं एकत्र, आणि २ व ३ वर एकेकटे. एकत्र ट्रॅक वापरायचा नसला तरी ठेवा, पटकन ऐकून बघायला बरा पडतो.

एमकेव्हीचं कारण असं की मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप बंद पडला तरी तोवरची फाइल उघडते. साध्या एमपी४ ची खात्री नसते. ऑडॅसिटीला एफएफएमपेग (वेगवेगळ्या प्रकारच्या फाइली उघडणारं फुकटचं जोडसॉफ्टवेअर) जोडलेलं असेल तर ती एमकेव्ही थेट उघडून सगळे ट्रॅक वेगळे मिळतात.

दुसरी वाट व्हॉइसमीटरची, म्हणजे संगणकातच आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सर सॉफ्टवेअरची. साध्या आवृत्तीत दोन माईक जोडता येतात, बनानामध्ये तीन, पोटॅटोमध्ये पाच. झूमच्या मीटिंगमध्ये किंवा थेट प्रक्षेपणात दोन्ही माईक एकच होऊन जायला हवे असतील तर हीच वाट. पडदा बटणांनी गच्च भरलेला असतो, पहिल्यांदा बघून घाबरायला होतं.

तिसरी वाट एएसआयओ-फॉर-ऑल. हा फुकटचा ड्रायव्हर दोन उपकरणांना एक करून संगीताच्या सॉफ्टवेअरपुढे ठेवतो. तो घड्याळं जुळवून देत नाही, हे त्याच्या गुणगानात कुणी सांगत नाही. तीन-चार मिनिटांच्या गाण्याला चालेल. लांब मुलाखतीला मी वापरणार नाही.

लिनक्सवर

तुमच्या लिनक्समध्ये पाइपवायर (आवाजाची ने-आण सांभाळणारी यंत्रणा) असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. फेडोरात ते आवाजासाठी ३४ व्या आवृत्तीपासून, २०२१ पासून आहे, उबुंटूत २२.१० पासून. ते एका उपकरणाला प्रमुख धरतं आणि बाकीच्यांचा वेग त्याच्याशी जुळवतं. क्यूपीडब्ल्यूग्राफ हे जोडण्या दाखवणारं सॉफ्टवेअर बसवा, दोन्ही माईकांच्या तारा पडद्यावरच ओढून आर्डर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या दोन ट्रॅकना जोडा. झालं.

टाळी वाजवा

सॉफ्टवेअर कितीही शहाणं असलं तरी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दोन्ही माईकांच्या मधोमध एक टाळी वाजवा, आणि बंद करण्याआधी आणखी एक. खणखणीत, एकच. ट्रॅक पडद्यावर मोठे करून बघितले की टाळीचा सुळका दोन्हीकडे दिसतो. सुरुवातीचे सुळके एकाखाली एक आणा आणि शेवटचे बघा. तेही जुळले तर छान. नाही जुळले तर नेमका किती फरक पडला तो आकडा हातात आला.

समजा ५० मिनिटांत ०.०९ सेकंदाचा फरक आहे. म्हणजे ०.००३ टक्के. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आल्ट दाबून त्या तुकड्याची उजवी कड ओढली की ट्रॅक ताणला जातो किंवा आखडतो. शेवटच्या टाळ्या जुळेपर्यंत ओढा. इतक्याशा ताणाने आवाजाची पट्टी बदललेली कानाला कळत नाही. ताणायचं नसेल तर दर सात-आठ मिनिटांनी कुणीच बोलत नाही अशी जागा शोधून एक ट्रॅक कापा आणि पुढचा भाग किंचित सरकवा. गप्पांना एवढं पुरतं. तबला-पेटीच्या रेकॉर्डिंगला ही कापाकापी चालणार नाही, तिथे घड्याळ एकच हवं. दोन मोठे इंटरफेस असतील आणि त्यांना ऑप्टिकल एडॅटची (प्रकाशावरून आवाज नेणाऱ्या वायरची) भोकं असतील तर एका ऑप्टिकल वायरवरून ४८ किलोहर्ट्‌झला आठ चॅनेल आणि त्यासोबत घड्याळही जातं. दुसऱ्याला ‘बाहेरचं घड्याळ घे’ असं सेटिंगमध्ये सांगायचं. मग दुसरी यूएसबी वायर लागतच नाही.

बिघाड आणि त्यांची कारणं

आवाजात टकटक येत असेल तर आधी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर (संगणक एका वेळी साठवून घेतो ते नमुने) वाढवा. ४८ किलोहर्ट्‌झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद. रेकॉर्डिंगच्या वेळी ५१२ किंवा १०२४ ठेवायला काहीच हरकत नाही, कारण स्वतःचा आवाज ऐकायला माईकवरचंच हेडफोनचं भोक वापरता येतं, तिथे तो संगणकात न जाता थेट मिळतो.

एखादा माईक बराच वेळ गप्प राहिल्यावर यादीतूनच नाहीसा होत असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. माईक यादीत आहे पण पट्टी हलतच नाही, अशा वेळी प्रायव्हसीच्या पानावर त्या प्रोग्रॅमला माईकची परवानगी आहे का बघा. मॅकवरही तेच.

सतत ‘हं’ असा गुंजारव येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर दोष विजेच्या जोडणीत आहे, माईकमध्ये नाही. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असूनही आतून अर्थिंग जोडलेलं नसतं. लॅपटॉप, हबचा अडॅप्टर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बऱ्याचदा तेवढ्याने जातो. नाहीच गेला तर रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढून ठेवा आणि सवडीने इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंगची पिन तोडून गुंजारव घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसू शकतो.