मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र: पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी

लातूरहून पुण्यात बी.ए.ला आले तेव्हा मानसशास्त्र आणि समाजशास्त्र घेतलं, पुढे बी.एड. केलं. आता प्रवेशाच्या दिवसांत ओळखीतली मुलं विचारतात, "ताई, यातला सोपा विषय कोणता?" माझं म्हणणं असं की हे विषय सुटे वाचूच नका. एक प्रसंग घ्या आणि तिघांनाही विचारा.

समजा, वर्गातला एक मुलगा कधीच हात वर करत नाही. मागे उत्तर चुकलं तेव्हा सगळे हसले होते का, हे मानसशास्त्र बघेल. त्याची घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर किती, त्याच्या घरात आजवर कोण शिकलंय, हे समाजशास्त्र विचारेल. शिक्षणशास्त्राला मात्र उद्याच्या तासाला काय करायचं तेही ठरवावं लागतं.

मानसशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात वुंट यांची लाइपझिगची प्रयोगशाळा, मानसशास्त्राची पहिली म्हणून ओळखली जाणारी, साल १८७९, हे येतंच. ते पाठ होऊन जातं. मुलं अडतात ती 'ऋण प्रबलना'पाशी. बहुतेकांना ती शिक्षा वाटते. कॉट बेसिसवर राहत असाल तर उदाहरण खोलीतच सापडेल. घरमालकीणबाई पसाऱ्यावरून रोज बोलतात, तुम्ही खोली आवरता, बोलणं थांबतं. पुढच्या वेळी तुम्ही आपणहून आवरता. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वागणं वाढलं, हे ऋण प्रबलन. शिक्षेने वागणं कमी होतं. 'वाढलं की कमी झालं?' एवढंच आधी तपासा.

मुलांचा विचार कसा वाढतो याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे नुसता वाचू नका, करून बघा. शेजारच्या चार-पाच वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी ओता. त्याच्याकडून 'सारखं आहे' असं वदवून घ्या. मग एका पेल्यातलं पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, आता जास्त कुठे? या वयाची मुलं बहुधा उंच ग्लास दाखवतात. सात-आठ वर्षांचं मूल सहसा सांगतं, "तेच तर पाणी आहे!" मुलाला दटावू नका, उत्तर सुचवू नका, फक्त "असं का?" म्हणा आणि त्याचे शब्द वहीत जसेच्या तसे उतरवा. अक्षय्यतेची, म्हणजे आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं ही, संकल्पना मला अशी बघितल्यावरच कळली. मूल कमी विचार करत नसतं, वेगळा करत असतं. दुसरा मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की त्यापुढे विचारतो: जे त्याला एकट्याला जमत नाही, ते कुणाच्या मदतीने जमतं का? बी.एड.च्या पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, हा प्रश्न रोज कामी येतो.

समाजशास्त्रासाठी बुधवार पेठेत जा. १८४८ साली भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. त्याआधी पुण्यातल्या मुली शाळेत का दिसत नव्हत्या? एकेका मुलीच्या मनात शिरून याचं उत्तर मिळणार नाही. जात, लग्नाचं वय, घरातली सत्ता यांकडे बघावं लागतं. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं. शेतकऱ्यांनी भरलेल्या करातून वरच्या वर्गांचं शिक्षण होतं आणि बहुजनांची मुलं प्राथमिक शिक्षणालाही मुकतात, हे त्यांनी त्यात मांडलं. 'सामाजिक स्तरीकरण', म्हणजे समाजातली उच्च-नीच उतरंड, शिकताना ते निवेदन शेजारी ठेवा. नातेव्यवस्थेच्या प्रकरणाला डेक्कन कॉलेजात काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे भेटतील. ते वाचण्याआधी मामाच्या मुलीशी लग्न तुमच्याकडे चालतं का, आणि आत्याच्या मुलीशी, हे घरी आजीला विचारून घ्या.

अभ्यासाचं म्हणाल तर अप्पा बळवंत चौकातली गाइडं परीक्षेच्या आधी चाळायला ठीक, सुरुवात त्यांच्यापासून नको. शिकलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाऊसने १८८५ मध्ये दाखवलं. म्हणून त्याच संध्याकाळी वही मिटून आठवेल तेवढं लिहा, आणि राहिलं तेवढंच उघडून बघा.

पुढच्या वाटांबद्दल एक गोष्ट आत्ताच माहीत असू द्या. फक्त एम.ए. करून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी लागते. शाळेत पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा, महाविद्यालयात शिकवायचं तर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. सेट आपलं पुणे विद्यापीठच घेतं. समुपदेशनाचा एखादा अभ्यासक्रम कुणी सुचवला, तर पैसे भरण्याआधी त्याला मान्यता कुणाची आहे ते लेखी मागा.