कॅथलिक विद्यापीठाच्या अर्जात ‘मला इथेच का शिकायचे आहे’ हे कसे लिहावे

बारावीचे वर्ष सुरू झाले की दादर-पार्ल्यातल्या कितीतरी घरांत परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरणे सुरू होते. गुणपत्रिका आणि शिफारसपत्रे जमवून झाल्यावर मुले एकाच प्रश्नाशी अडतात: आमच्याच विद्यापीठात का? गेली काही वर्षे मी अशा मुलांचे मसुदे वाचत आले आहे. विद्यापीठ कॅथलिक असले, तर बहुतेक मसुद्यांत ‘कॅथलिक’ हा शब्दच येत नाही. आणि ज्यांत येतो, त्यांत तो एवढ्या भक्तिभावाने येतो की हे मुलाचे मनापासूनचे बोलणे नव्हे, हे तिसऱ्या ओळीलाच कळते. पुढे उदाहरणासाठी मी वॉशिंग्टनचे जॉर्जटाउन विद्यापीठ घेते आहे, मात्र यातल्या पायऱ्या इतर कॅथलिक विद्यापीठांनाही लागू पडतील.

सर्वांत आधी ते विद्यापीठ कोणत्या धर्मसंघाचे आहे, हे शोधून काढावे. आपल्याकडे वारकरी, महानुभाव आणि दत्त संप्रदाय यांच्या आचारात आणि शिकवणुकीत जसा फरक आहे, तसा तो कॅथलिक संघांतही आहे. इंडियानातले नोटर डेम हे होली क्रॉस संघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी 1842 मध्ये स्थापन केले. व्हिलानोव्हा ऑगस्टिनियन संघाचे आहे. शिकागोचे डीपॉल व्हिन्सेन्शियन संघाचे. जॉर्जटाउन येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे. जॉन कॅरोल यांनी 1789 मध्ये स्थापन केलेले हे अमेरिकेतले सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ आहे. मुंबईच्या मुलांना हा संघ परका वाटायचे कारण नाही, कारण धोबी तलावाजवळचे सेंट झेवियर्स कॉलेज 1869 पासून त्याच संघाचे आहे, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तचरित्र लिहून आपल्या भाषेची थोरवी गाणारे फादर थॉमस स्टीफन्सही जेझुइटच होते. ही माहिती वाचून आनंद व्हावा, पण त्या ओव्या स्वतः वाचल्या नसतील तर निबंधात त्यांचे नाव घेऊ नये. मुलाखतीत एखाद्याने पुढचा प्रश्न विचारला, तर उसनवारी लगेच उघडी पडते.

त्यानंतर विद्यापीठाचे संकेतस्थळ बंद करावे आणि स्वतःविषयी मराठीत लिहावे. अर्ज इंग्रजीतच जायचा आहे, हे खरे. पण पहिला खर्डा इंग्रजीत लिहिला की ‘जागतिक दर्जा’, ‘समृद्ध परंपरा’, ‘मूल्याधिष्ठित वातावरण’ असे तयार शब्द हातात येतात आणि मूल त्यांच्यामागे लपते. लालबागच्या एका विद्यार्थिनीचा पहिला मसुदा असाच होता: ‘जॉर्जटाउनचे मूल्याधिष्ठित शिक्षण मला आकर्षित करते.’ ती आठवड्यातून दोनदा एका रात्रशाळेत गणित शिकवायची. तिथे काय होते, एवढेच मराठीत लिही, असे मी तिला सांगितले. तिने लिहिले: ‘दिवसभर गाळ्यात काम करून आलेला मुलगा साडेसातला बाकावर डोके टेकायचा. तिसऱ्या आठवड्यापासून मी खडू हातात घेण्याआधी पिशवीतली केळी बाहेर काढू लागले. त्यानंतर अपूर्णांक जमू लागले.’

आता विद्यापीठाकडे परत यावे. जेझुइट शिक्षणात ‘क्युरा पर्सोनालिस’ ही लॅटिन संज्ञा वारंवार येते. तिचा अर्थ साधारण असा, की समोरच्या व्यक्तीची काळजी समग्रपणे घ्यावी, तिच्या बुद्धीबरोबर तिच्या शरीराची, मनाची आणि परिस्थितीचीही. ही संज्ञा निबंधाच्या पहिल्या ओळीत आली असती तर ती माहितीपत्रकातून उचललेली वाटली असती. केळ्यांच्या प्रसंगानंतर ती आली तेव्हा, ही मुलगी जे चाचपडत करत होती त्याला तिथे नाव आणि शास्त्र आहे, म्हणून तिला तिथे जायचे आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप समजले. सगळ्या निबंधाचा कणा हाच असावा: आपल्या आयुष्यातली एक गोष्ट आणि त्या विद्यापीठातली एक गोष्ट यांचा जोड दाखवावा, आणि तो घट्ट बसेपर्यंत घासून घ्यावा.

धर्माचे काय, हा प्रश्न पालक मला हमखास विचारतात. आपण जिथे उभे आहोत, तिथूनच लिहावे. हिंदू, बौद्ध, मुसलमान किंवा देव न मानणारा विद्यार्थी असेल, तर त्याने ते साधेपणाने सांगावे. जॉर्जटाउनने 1999 मध्येच पूर्णवेळ मुस्लिम इमाम नेमला होता, त्यामुळे अन्यधर्मीयांचे तिथे असणे कोणाला नवे नाही. मात्र पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिथे धर्मशास्त्राचे अभ्यासक्रम घ्यावे लागतात, आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ गॉड’ हा त्यांतला प्रसिद्ध अभ्यासक्रम आहे. तो वर्ग नकोसा वाटत असेल, तर अर्ज करण्याविषयीच पुन्हा विचार करावा. हवासा वाटत असेल, तर त्या वर्गात आपण कोणता प्रश्न घेऊन बसणार, हे लिहावे. वसई किंवा वांद्र्याच्या कॅथलिक मुलांनीही केवळ बाप्तिस्म्याच्या आधारावर राहू नये. पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या समुदायात, आपण नेमके काय केले आणि कोणत्या गोष्टीने आपल्याला अस्वस्थ केले, ते सांगावे.

संस्थेचा इतिहास वाचताना तिच्या दुखऱ्या जागाही वाचाव्यात, याबाबत मी फार आग्रही आहे. मेरिलँडच्या जेझुइटांनी 1838 मध्ये 272 गुलाम माणसे विकली आणि त्या पैशातला काही भाग जॉर्जटाउनचे कर्ज फेडण्यास वापरला गेला. 2017 मध्ये विद्यापीठाने आणि येशूसंघाने विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली. हे निबंधात घालायलाच हवे असे नाही, आणि शोभेसाठी तर मुळीच घालू नये. पण हे ठाऊक असलेला विद्यार्थी ‘थोर नैतिक परंपरा’ असे शब्द सहजासहजी लिहीत नाही.

विषयाच्या निवडीबद्दल दोन-तीन वाक्ये पुरतात. आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे असतील, तर फादर एडमंड वॉल्श यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या जॉर्जटाउनच्या स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिसचा उल्लेख ओघाने येईल. पण तिथला कोणता अभ्यासक्रम हवा आणि कशासाठी, हे सांगितले नाही तर त्या उल्लेखाला वजन येत नाही. क्रमवारी, शहराचे सौंदर्य आणि इमारतींची वर्णने काढून टाकावीत.

शेवटी मसुदा घरातल्या अशा व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा, जिने त्या विद्यापीठाचे नाव ऐकलेले नाही, आणि ‘मला तिथे का जायचे आहे?’ असे तिला विचारावे. लालबागच्या मुलीने आपल्या आजीला वाचून दाखवले. आजी म्हणाली, ‘त्या केळ्यांचं तुला काहीतरी विचारायचंय, म्हणून चाललीस ना?’ त्या रात्री तिने आभाराचा शेवटचा परिच्छेद खोडला आणि त्या जागी तो प्रश्नच लिहिला: भुकेल्या माणसाला शिकवायला उभे राहताना आपण आधी त्याचे कोण असतो?