मे महिन्यात स्वयंपाकघर न तापवता स्वयंपाक कसा करावा

नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत पारा 45 अंशांच्या आसपास गेला, की दुपारी ओट्यापाशी उभे राहणे नकोसे होते. शेगडीतून नुसती उष्णता बाहेर पडत नाही. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि झाकण न ठेवलेल्या पातेल्यातली वाफ त्यात भर घालते ती वेगळीच. म्हणून पदार्थ कमी करण्यापेक्षा शेगडी पेटलेली राहण्याची मिनिटे कमी करावीत.

तयारी आदल्या रात्री सुरू होते. एक वाटी हरभऱ्याची डाळ धुऊन भिजत घालावी आणि भांडे फ्रीजमध्ये ठेवावे, कारण बाहेर ठेवल्यास या दिवसांत सकाळपर्यंत तिला आंबूस वास येऊ लागतो.

सकाळी सातच्या आत, खिडकीतून गार हवा येत असतानाच शेगडी पेटवावी. अर्धा तास भिजवलेली तुरीची डाळ कुकरच्या खालच्या डब्यात, तांदूळ वरच्या डब्यात आणि पन्ह्यासाठीची कैरी सर्वांत वर एका वाटीत, असे एकदमच लावावे. दोन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करून कुकर ओट्यावरून उचलावा, लाकडी पाटावर ठेवावा आणि जुन्या गोधडीत चहूबाजूंनी गुंडाळावा. ओट्याचा दगड उष्णता ओढून घेतो. पाट ती अडवतो. शिट्टी उचलून वाफ सोडण्याचा मोह टाळावा, कारण आत कोंडलेल्या त्या उष्णतेवरच पुढची चाळीस मिनिटे डाळ शिजत राहते. राजमा मात्र या रीतीने कधीही करू नये: तो नीट उकळला नाही तर पोटाला बाधतो.

कुकर गोधडीत असताना पोळ्या उरकाव्यात. तापलेल्या तव्याला पर्याय नाही, हे मान्य करून दिवसभराच्या पोळ्या एकाच वेळी लाटाव्यात आणि शेवटी त्याच आचेवर कढल्यात मोहरी, हिंग, हळदीची भरपूर फोडणी करून ती वाटीत काढून ठेवावी. आता शेगडी दिवसभरासाठी बंद.

दुपारच्या जेवणात वरण-भाताच्या जोडीला आंब्याची डाळ करावी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापुरती तिची आठवण ठेवणे हा तिच्यावर अन्यायच आहे. भिजलेली डाळ निथळून हिरवी मिरची आणि जिऱ्याबरोबर भरड वाटावी. दाण्याचा अंश बोटांना लागला पाहिजे, पेस्ट झाली तर मजा गेली. त्यात किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, ओले खोबरे आणि गार झालेली फोडणी घालावी. कैरी एकदम सगळी न घालता चव पाहत घालावी, कारण प्रत्येक कैरीचा आंबटपणा वेगळा असतो. उरलेला भात ओट्यावर न ठेवता लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. या उष्म्यात तो फार लवकर खराब होतो.

रात्री दडपे पोहे पुरेसे होतात. पातळ पोह्यांत बारीक चिरलेला कांदा, काकडी, ओले खोबरे, लिंबू, मीठ आणि सकाळची उरलेली फोडणी कालवून, वर ताटली व त्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा. वीस मिनिटांत कांदा-काकडीच्या पाण्यावर पोहे मऊ होतात. शेंगदाणे अगदी वाढताना घालावेत, म्हणजे ते कुरकुरीत राहतात.