कपडे वाळत घालायचा स्टँड डिझाइन प्रदर्शनात मांडायचा तर

घरात भिंतीवरचा घडीचा स्टँड दिवसातून दोनदा हलतो: एकदा उघडताना, एकदा मिटताना. वर्षाचे झाले ७३० वेळा. प्रदर्शनात चार दिवस, रोज आठ तास, दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन तो ओढून बघणार असं धरा. ९६० वेळा. वर्षभरात जेवढा वापर होतो त्याहून जास्त चार दिवसांत, तोही वस्तूची सवय नसलेल्या हातांनी. म्हणून प्रदर्शनाची तयारी बॅनरपासून नव्हे, बिजागरीपासून सुरू करायची.

इथे उदाहरण एकच घेतलं आहे: पावसाळ्यात वन-रूम-किचनमध्ये लागणारा, भिंतीला चिकटून मिटणारा स्टँड. रुंदी ९० सेंमी, उघडल्यावर भिंतीपासून ५० सेंमी पुढे, मिटल्यावर ८ सेंमी, आडव्या नळ्या सहा. तुमची वस्तू विळी असो, डबा असो की चप्पल ठेवायचं कपाट, क्रम हाच.

आधी नोंदणी, मग फोटो

नमुना जमला की पहिला मोह होतो तो स्टेटसला टाकायचा. थांबा. डिझाइन्स अ‍ॅक्ट, २००० प्रमाणे अर्ज करण्याआधी रचना लोकांसमोर आली, तर ती नवी धरली जात नाही आणि नोंदणी हातची जाते. प्रदर्शनात मांडणं हेही 'लोकांसमोर येणं'च. कायद्यात प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच. त्यातही मांडण्याआधी नोंदणी कार्यालयाच्या कंट्रोलरला कळवावं लागतं आणि पहिल्यांदा मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

अर्ज ऑनलाइन होतो. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि तिरप्या कोनातून अशी चित्रं एकाच मापात लागतात. एका चित्रात नळ्या सहा आणि दुसऱ्यात पाच दिसल्या की आक्षेप आलाच, आणि घाईत काढलेल्या चित्रांत हे हमखास होतं. कपडे वाळत घालायची साधनं ०७-०५ या वर्गात येतात. संरक्षण दहा वर्षांचं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. मात्र ते दिसण्याचं. घडी कशी होते, खिटी कशी बसते, ही युक्ती राखायची असेल तर पेटंट वेगळं. तिथेही आधी अर्ज, मग प्रदर्शन.

तीन नमुने

पहिला पुठ्ठ्याचा, खऱ्या मापात. तो आठवडाभर घरात भिंतीला चिकटवून ठेवा. मुंबईच्या घरात घोळ होतो तो याच टप्प्यावर सापडतो: स्टँड उघडला की वॉशिंग मशीनचं झाकण उघडत नाही, न्हाणीघराचं दार आपटतं, किंवा गॅलरीच्या सरकत्या खिडकीची कडी मागे अडकते. उंची ठरवताना घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाला उभं करा. पाच फुटांच्या बाईला ओला टॉवेल टाच न उचलता टाकता आला पाहिजे. म्हणजे सर्वांत पुढची नळी साधारण १६५ ते १७० सेंमीवर. त्याहून वर गेलात तर छताला टांगलेला बांबू आणि काठी हा चाळीतला उपाय तुमच्या स्टँडपेक्षा सरस ठरतो. मुंबईकर परीक्षक हे विचारणार. पुलीवर वरखाली होणारे स्टँडही बाजारात ढिगाने आहेत, त्यांच्यापेक्षा तुमचा वेगळा कुठे, याचं एका वाक्यातलं उत्तर याच आठवड्यात शोधून ठेवा.

दुसरा नमुना चालता. दिसायला ओबडधोबड चालेल, पण वजन पेलणारा हवा. हाताने पिळलेले दोन मोठे टॉवेल, एक डबल चादर, दोन जीन्स, चार शर्ट, एक सुती साडी आणि चिल्लर कपडे मिळून साधारण ९ किलो भरतात. चाचणी त्याच्या दुपटीहून अधिक वजनाने करा. वीस लिटरचा पाण्याचा जार त्याला उत्तम. जार टांगायचा तो पुढच्या नळीला, भिंतीलगतच्या नळीला नव्हे. कारण सगळं तरफेवर आहे. पुढची नळी भिंतीपासून ४५ सेंमीवर आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे स्क्रू एकमेकांपासून १५ सेंमीवर असतील, तर वरच्या स्क्रूंवर ओढ येते २० × ४५ ÷ १५ = ६० किलो. तेच स्क्रू २५ सेंमी अंतरावर नेले की ओढ ३६ वर उतरते. पट्टी दहा सेंमीने लांबवण्याचा खर्च नगण्य, फायदा जवळजवळ निम्म्याचा. जार रात्रभर टांगलेला राहू द्या. सकाळी पुढची नळी किती खाली आली ते मोजा. ५ मिमीच्या वर गेली असेल तर ब्रॅकेट वाकतोय किंवा भिंतीच्या भोकात स्क्रू धरणारी गिट्टी सरकतेय.

गिट्टीचं एक दुखणं आहे. भिंतीचा गिलावा १५-२० मिमीचा असतो आणि दुकानदार काही सांगितलं नाही तर ३० मिमीची नायलॉनची गिट्टी देतो. तिचा निम्म्याहून जास्त भाग गिलाव्यात बसतो, आणि गिलावा काही धरत नाही. ८ मिमी जाडीची, ५० मिमी लांबीची गिट्टी मागा. भोक ६० मिमी खोल पाडा, आतली भुकटी फुंकून काढा, मगच ठोका. नव्या टॉवरमधल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. तिथे ड्रिलचा हॅमर बंद करून भोक पाडायचं आणि एएसीसाठीची वेगळी गिट्टी वापरायची. नाहीतर भोक फुटून मोठं होतं. खोक्यात दोन्ही गिट्ट्या घाला. परीक्षक खोकं उघडून बघतात.

तिसरा नमुना मांडायचा. खरेदीसाठी मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. स्क्रू, बिजागऱ्या, स्प्रिंगा, वॉशर सगळं तिथे मिळतं. स्टीलची ग्रेड पारखायला लोक लोहचुंबक घेऊन जातात. त्याचा उपयोग नाही: २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळजवळ सारखीच दाद देत नाहीत. ३०४ मध्ये क्रोमियम आणि निकेल जास्त, म्हणून खाऱ्या हवेत ते अधिक टिकतं; २०२ वर वर्सोवा-दादरसारख्या समुद्राजवळच्या घरात लवकरच तपकिरी ठिपके येतात. ग्रेड बिलावर लिहून घ्या. नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या घेतल्यात (१९ मिमी व्यास, १.२ मिमी पत्रा पुरतो) आणि स्क्रू स्टीलचे, तर दोन धातूंच्या मध्ये साबणाचं पाणी शिरून पांढरी भुकटी धरते आणि भोक सैल होतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घातला की हे थांबतं. लोखंडी भाग असतील तर सगळी भोकं पाडून झाल्यावर पावडर कोटिंगला द्या. कोटिंगनंतर पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते आणि तिथूनच गंजाचा ओघळ कपड्यावर उतरतो. पांढऱ्या शर्टावर तो डाग जन्मात जात नाही.

घडी होताना दोन पट्ट्यांमधली फट ५ मिमीहून कमी किंवा २५ मिमीहून जास्त ठेवा. मधल्या फटीत बोट जातं आणि अडकतं. प्रदर्शनात पहिलं बोट लहान मुलाचं असतं.

मग उघड-मीट. एक हजार वेळा, हातानेच. शंभर झाले की थांबून बघायचं: खिटी खटकन बसते का, बिजागरी कुरकुरते का, रंग कुठे खरवडला. कंटाळवाणं काम आहे. दोघांत वाटून घ्या.

पुरस्कार कोणता

इथे फार वेळ घालवू नका. वस्तू बाजारात आली असेल तर इंडिया डिझाइन काउन्सिलचं इंडिया डिझाइन मार्क बघा. ते जपानच्या गुड डिझाइन पुरस्काराशी जोडलेलं आहे, आणि तो जपानी पुरस्कार १९५७ पासून चालू आहे. जर्मनीत हॅनोव्हरचा आयएफ आणि एसेनचा रेड डॉट, दोन्ही पन्नाशीच्या दशकातले. रेड डॉटमध्ये अजून बाजारात न आलेल्या कल्पनांसाठी वेगळा विभाग आहे. विद्यार्थी असाल तर आयएफचा विद्यार्थी पुरस्कार आणि जेम्स डायसन पुरस्कार, दोन्हींना प्रवेश शुल्क नाही. एक सावधगिरी: अनेक पुरस्कारांत प्रवेश शुल्क वेगळं आणि जिंकल्यावर द्यायचं शुल्क वेगळं, आणि खरा मोठा आकडा दुसराच असतो. अर्जाआधी नियमांचं ते पान शेवटपर्यंत वाचा.

वर्णन आणि फलक

बहुतेक अर्ज असे सुरू होतात: 'आधुनिक जीवनशैलीला साजेसा, नावीन्यपूर्ण व पर्यावरणपूरक स्टँड.' यातला एकही शब्द तपासता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'मिटल्यावर भिंतीपासून ८ सेंमी. डबल चादर दोन घड्यांत मावते. सहा नळ्यांत ७ सेंमी अंतर, त्यामुळे पंख्याचा वारा मधून जातो. २० किलो वजन रात्रभर पेललं. एका हाताने उघडतो, दुसऱ्या हातात बादली असली तरी.' शेवटच्या वाक्यावर परीक्षक थांबतो, कारण ते चित्र त्याच्या घरातलं आहे.

काय लिहावं सुचत नसेल तर चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेला अहवाल आठवा. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, कल्पना त्यातूनच पुढे आली. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याला प्रश्न विचारले: किती पाणी मावावं, हाताने न्यायचा की कमरेवर की डोक्यावर, ओतताना तोल कसा राहतो, आवाज कसा येतो, किंमत काय, शेवटी मोडीत काय मिळतं. तेच प्रश्न स्टँडला विचारा. 'मोडीत काय मिळतं' याचं उत्तर फार कमी अर्जांत असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या भंगारवाला आनंदाने घेतो, ते लिहा.

फोटोंत एक पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एक मिटलेला, एक भरलेला, एक बिजागरीचा अगदी जवळून. भरलेल्या फोटोत खरे कपडे हवेत, नवे करकरीत रुमाल नकोत. मोबाइल तिपाईवर, तीनेक मीटर मागे जाऊन दुपटीच्या लेन्सने काढा. जवळून काढलात की नळ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात. ढगाळ दिवशी खिडकीचा उजेड कुठल्याही दिव्याहून चांगला.

मराठी फलकाची गोची वेगळीच. मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा कंपोझर निवडला नाही तर पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं सुटतात. 'वस्त्र' तुकड्यातुकड्यांत छापून येतं. छपाईला देताना अक्षरं आउटलाइन करून पीडीएफ द्या आणि एक कागद ए४ वर काढून मोठ्याने वाचा. ए२ फलक ३०० डीपीआयला ४९६१ × ७०१६ पिक्सेलचा होतो. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

स्टॉलवर

स्टॉलच्या तयार भिंती म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेले पातळ तक्ते. त्यांत खिळा ठोकू देत नाहीत, आणि दिला तरी धरणार नाही. स्वतःची उभी भिंत न्यावी लागते: १९ मिमी प्लाय, चार बाय तीन फूट, मागे प्लाय उंचावर धरणारी लोखंडी अँगलची चौकट, खाली पुढे आलेली बैठक. आता हिशेब. कुणी दीड मीटर उंचीवर १५ किलोच्या जोराने स्टँड ओढला तर उलटवणारा जोर १५ × १५० = २२५०. भिंतीचं वजन ३५ किलो आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपासून ६० सेंमी मागे, म्हणजे थोपवणारा जोर २१००. भिंत पुढे येणार! बैठकीत मागच्या कडेला २० किलो वाळूची गोणी ठेवा. थोपवणारा जोर ३३०० होतो. गोणी दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा, वाळू गळते.

कुठलाही सुटा भाग चार फुटांहून लांब ठेवू नका. इमारतीची लिफ्ट आणि छोटा हत्ती दोन्हींत तिरपा न करता बसतो. गोरेगावच्या नेस्को किंवा वांद्र्याच्या बीकेसी प्रदर्शन केंद्रांत छत असतं. काळा घोडा महोत्सवात (१९९९ पासून, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी) काम उघड्यावर असतं, तिथे धूळ बिजागरीत शिरते. रोज सकाळी कोरड्या ब्रशने झाडा, तेल सोडू नका, तेल धूळ धरतं.

ओले कपडे टांगू नका. थेंबांनी फरशी निसरडी होते. कोरडेच टांगा आणि प्रत्येक नळीवर आत दडवून एकेक किलोचं वजन द्या, म्हणजे ओढल्यावर हाताला खरा भार कळतो.

लोकांचा पहिला प्रश्न 'केवढ्याला?' हाच. 'अजून ठरलं नाही' म्हणालात की माणूस पुढे सरकला. समजा माल, मजुरी, कोटिंग, खोकं मिळून १५०० रुपये पडले, दुरुस्ती आणि परत आलेल्या मालासाठी ३०० धरले, आणि तुमचे ३००. हातात २१०० यायला हवेत. दुकानदार ४० टक्के ठेवणार असेल तर विक्रीची किंमत ३५००, जीएसटी वेगळा. आकडा जड वाटला तर नळ्या सहाच्या पाच करून बघा, बिजागरी स्वस्तातली घेऊ नका.

मांडणी झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या पट्टीवर जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने ओढा. रोज रात्री स्टॉल झाकताना टॉर्च मारून बघायचं: रेघ तुटली म्हणजे तो स्क्रू फिरला. घट्ट करा, आणि कितवा स्क्रू ते वहीत लिहा. चार दिवसांत एकच स्क्रू तीनदा फिरला, तर पुढच्या नमुन्यात तिथे नायलॉनची चकती असलेला लॉकनट घाला.