कंबरदुखी असेल तर पायताण कसं निवडावं

कंबरदुखीसाठी चप्पल-बूट घ्यायला गेलेली बहुतेक माणसं अंगठ्याने सोल दाबून बघतात आणि जो जास्त दबतो तो घेतात. निवड चुकते ती इथेच. फार मऊ सोलमध्ये टाच रुतते, पाऊल आत किंवा बाहेर कलतं आणि ते सावरायला पोटरीपासून कमरेपर्यंतचे स्नायू दिवसभर राबत राहतात. कंबरेला हवं असतं ते स्थिर पाऊल. टाच जागेवर बसली पाहिजे, सोलचा वाक योग्य ठिकाणी आला पाहिजे आणि बोटांना चप्पल धरून ठेवावी लागता कामा नये. गादीचा विचार त्यानंतर.

आधी आपलं दुखणं ओळखा. उभं राहून किंवा चालून कंबर भरून येत असेल आणि बसल्यावर आराम पडत असेल, तर पायताण बदलून फरक पडण्याची आशा धरता येते. मोटरसायकलवर बसून किंवा सकाळी उठताना दुखत असेल, तर बुटावर फार पैसे घालू नका. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, पायातली ताकद कमी झाली असेल, ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर दुकानाआधी डॉक्टरांकडे जा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत.

दुसरा प्रश्न जमिनीचा. सराफी पेढीवर, कापडदुकानात किंवा शाळेत दिवसभर टाइल्सवर उभं राहणाऱ्याला टाचेखाली दाट, हळू दबणारा थर लागतो. स्वयंपाकघरातल्या कोटा किंवा शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून भाकरी करणाऱ्या बाईलाही तोच लागतो, आणि घरातल्या चपलेचा विचार सहसा कुणी करत नाही, याचं वाईट वाटतं. घरासाठी वेगळी, मागे पट्टा असलेली, न घसरणाऱ्या तळाची सँडल ठेवा. ओट्याखाली १०-१५ सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवून दर काही मिनिटांनी एकेक पाय त्यावर टेकवला, तर कंबरेचा ताण आणखी हलका होतो.

हवाई चपलेचा दोष तिच्या पातळ तळापेक्षा तिच्या पकडीत जास्त आहे. मागे काही नसल्यामुळे ती निसटू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि पाऊल आखूड पडतं. अंगणात, मोरीत ठीक. चार-सहा तासांसाठी नको.

दुकानात काय तपासायचं

जळगावचं फुले मार्केट असो, धुळ्याचा आग्रा रोड असो की गावचा आठवडे बाजार, खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजून किंचित मोठा होतो, मे महिन्यात तर जास्तच. बुटात घालणार तेच मोजे न्या. दोन्ही पाय मोजून घ्या आणि मोठ्या पायाचा नंबर धरा. आपल्याकडच्या नेहमीच्या नंबरात एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, म्हणून अर्ध्या नंबरालाही महत्त्व आहे. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. आतला इनसोल निघत असेल तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर जात असेल तर ती जोडी अरुंद आहे. ‘वापरून सैल होईल’ असं दुकानदार म्हणेल. कातडं थोडं सैलावतं, सोल रुंद होत नाही.

मग बुटाची मागची भिंत अंगठा आणि बोटाने दोन्हीकडून दाबा. सहज आत चेपली तर टाच डोलणार. पुढचं टोक आणि टाच धरून बूट दुमडा. वाक चवड्यापाशी, बोटं सुरू होतात तिथे आला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट पायाच्या कमानीला आधार देत नाही, आणि अजिबात न वाकणारा चाल बिघडवतो. मग ओला कपडा पिळतो तसा बूट पिळा. थोडा पीळ चालेल, पूर्ण फिरता कामा नये. शेवटी जोडी टेबलावर ठेवून मागून बघा. नव्या जोडीतही एखादी टाच तिरकी चिकटवलेली सापडते.

सँडल घेत असाल तर पट्टे तीन ठिकाणी हवेत: चवड्यावर, पावलाच्या वरच्या उंचवट्यावर आणि टाचेमागे. टाचेची उंची १ ते ३ सेंटिमीटर पुरे. जास्त उंचीने भार चवड्यावर जातो, पोटऱ्या आखडतात आणि तोल सावरण्याचं काम कंबरेवर येतं. मात्र वर्षानुवर्षं ५-६ सेंटिमीटरची टाच वापरणाऱ्यांनी एकदम सपाट चप्पल घालू नये, आखडलेल्या पोटऱ्या ओढतात. काही आठवड्यांत थोडी थोडी उंची उतरवा.

ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून तळवा सपाट की खोल ते कळतं. पण सपाट तळवा असूनही अनेकांना काही दुखत नाही. केवळ ठसा पाहून टणक, उंच कमानीचे इनसोल घेऊ नका.

पसंत पडलेली जोडी घालून दुकानातल्या गालिच्यावर नव्हे, फरशीवर पाच-दहा मिनिटं चाला. टाच मागून उचलली जाते का, हे लक्ष देऊन बघा.

नवी जोडी आणि शेतातले बूट

पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग रोज तासाभराने वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण दिवसावर या. पहिल्या आठवड्यात पोटरी थोडी दुखली तर चालेल. कंबर आधीपेक्षा जास्त दुखू लागली तर जोडी परत करा. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहा, बधिर पायाला फोड कळत नाही. चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जाणाऱ्यांनी नवे बूट निदान महिनाभर आधी घ्यावेत, आणि अर्धा नंबर मोठे.

केळीच्या बागेत पाणी भरताना घालायचे गमबूट बहुधा एक-दोन नंबर मोठेच घेतले जातात, मग प्रत्येक पावलाला बूट ओढत चालावं लागतं. पायाच्या मापाचे घ्या, आत वेगळा इनसोल घाला. काळ्या मातीत खोल खाचांचा तळ चिखल धरून ठेवतो आणि बूट जड होतो. खाचा रुंद आणि विरळ असलेला तळ निवडा, बांधावर आल्यावर चिखल काढून टाका.

सहा महिन्यांनी सोल उलटा करून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं नेहमीचं. आतली कड किंवा एकाच पायाची टाच फार झिजली असेल, तर ती जोडी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला न्या. पायांच्या लांबीत फरक असू शकतो. मनाने एका बुटात जाड इनसोल घालू नका.

ईव्हीए (फोमसारखं हलकं प्लास्टिक) सोल हलका असतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगणात किंवा बंद गाडीत राहिला तर आकसतो आणि चिकटवणही सुटतं. तळाला बारीक सुरकुत्या पडून तो दबलेला राहू लागला की वरून नवा दिसला तरी बदला. पीयू (पॉलियुरेथेन, हेही एक प्लास्टिकच) सोल जास्त टिकतो, मात्र लग्नकार्यासाठी म्हणून वर्षानुवर्षं खोक्यात जपून ठेवलात तर हवेतल्या दमटपणाने न वापरताच त्याचा भुगा होतो. म्हणून घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा, आणि जुना माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नका.