दमट हवेत इलेक्ट्रिक गिटारची निगा

मुंबई, कोकण आणि गोवा या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटारची निगा राखणे म्हणजे मुख्यतः तिला ओलाव्यापासून जपणे होय. गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. जुलैमध्ये मुंबईच्या हवेत हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असते. परदेशी पुस्तिकांमध्ये कोरड्या हिवाळ्यात लाकूड सुकून तडकण्याबद्दल भरपूर इशारे असतात, पण आपल्याकडे त्रास उलट्या बाजूने येतो: लाकूड ओलावा शोषते, नेकचा (गिटारच्या लांब दांड्याचा) बाक बदलतो, स्क्रू गंजतात आणि आतल्या जोडण्यांवर थर चढतो. पुढील सूचना तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारे भाग), ट्रेमोलो ब्रिज (तारांचा दांडीने हलवता येणारा आधार) आणि स्क्रूने बसवलेला नेक असलेली स्ट्रॅटोकास्टर धर्तीची गिटार डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. इतर गिटारींनाही त्यांतील बहुतेक लागू पडतात.

सर्वांत उपयोगी सवय अगदी साधी आहे. वाजवून झाल्यावर, गिटार ठेवण्यापूर्वी, धुतलेल्या मऊ सुती कापडाने प्रत्येक तार पुसावी. कापड तारेच्या वरून फिरवणे पुरेसे नाही, कारण घाम तारेच्या खालच्या बाजूला साचतो. म्हणून कापडाची घडी तारांखाली सरकवून ती नटपासून (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत ओढावी. त्यानंतर ब्रिज पुसावा. उजव्या हाताचा तळवा जिथे टेकतो तिथेच सॅडलची (ब्रिजवरील प्रत्येक तारेच्या टेकूची) उंची ठरवणारे बारीक, बिनडोक्याचे स्क्रू असतात, आणि गिटारमध्ये गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. एकदा त्यांच्या टोकातील षटकोनी खाच गंजाने भरली, की ॲलन की (षटकोनी किल्ली) आत नीट बसत नाही, जोर लावल्यावर खाच गोल होते आणि मग तो स्क्रू काढणे हे कारागिराचे काम होते. यावर उपाय असा, की वर्षातून दोनदा टूथपिकच्या टोकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घेऊन तो प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर लावावा आणि जास्तीचे तेल टिपून घ्यावे.

गिटार कुठे ठेवायची हेही महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट आतून दमट होते आणि त्यात कापडी बॅगेत ठेवलेल्या गिटारच्या पट्ट्याला, बॅगेच्या अस्तराला आणि कधी फ्रेटबोर्डलाही (नेकवरील बोटे टेकवायच्या पट्टीलाही) बुरशी धरते. शक्य असेल तर बंद हार्ड केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून गिटार ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पुरेसे पाणी शोषले असे समजून ते बदलावेत. केसमध्ये एक लहान आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही. घामाने ओली झालेली गिटार मात्र कधीही तशीच केसमध्ये बंद करू नये. गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर (एक प्रकारचे वार्निश) असेल, तर साध्या रबराच्या स्टँडवर ती फार काळ टेकवून ठेवू नये. रबर त्या लॅकरला चिकटते आणि कायमचा डाग पडतो.

तारा कधी बदलायच्या याचे ठरावीक वेळापत्रक देता येत नाही, कारण ते हाताच्या घामावर आणि वाजवण्यावर अवलंबून आहे. तारेच्या खालच्या बाजूने बोट फिरवल्यावर फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) जागी खरखर किंवा खाचा लागल्या, आवाजातील चमक गेली, किंवा सूर वारंवार उतरू लागला, की तारा बदलण्याची वेळ झाली. ट्रेमोलो ब्रिज हा तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या समतोलावर उभा असतो, म्हणून तारा एकेक करून बदलणे सोयीचे असते. फ्रेटबोर्ड साफ करण्यासाठी सर्व तारा काढायच्याच असतील, तर मागच्या पोकळीत ब्रिजच्या ठोकळ्याशेजारी पुठ्ठ्याची घट्ट घडी बसवून त्याला जागेवर रोखून धरावे. नवी तार खुंटीवर दोन ते तीन वेढे, एकाखाली एक असे, गुंडाळावी. वेढे एकमेकांवर चढले की सूर टिकत नाही. मग प्रत्येक तार हलक्या हाताने ओढून पुन्हा सुरात आणावी आणि ती उतरायची थांबेपर्यंत हे करत राहावे. सूर लावताना नटपाशी टिक असा आवाज येत असेल, तर त्या खाचेत मऊ शिसपेन्सिलीचे टोक फिरवावे; ग्रॅफाइटमुळे तार अडकत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ९-४२ जाडीच्या (सर्वांत पातळ तार ०.००९ इंच, सर्वांत जाड ०.०४२ इंच) संचाचा नेहमीच्या सुरातील एकूण ताण सुमारे ३८ किलो असतो, तर १०-४६ चा सुमारे ४६ किलो. जाड संच लावल्यावर नेक पुढे वाकतो, ब्रिज मागून उचलला जातो आणि सगळी मापे चुकतात. त्यामुळे एकदा मापे नीट बसली की विनाकारण जाडी बदलू नये.

अनेक गिटारींचा फ्रेटबोर्ड भारतीय रोजवुडचा, म्हणजे आपल्या जुन्या घरांतील पलंग-कपाटांना वापरल्या गेलेल्या शिसवीचा असतो. त्यावर लॅकर नसते. फ्रेटच्या कडेला साचलेला मळ कोरड्या, मऊ टूथब्रशने फ्रेटच्या दिशेने घासून काढावा, मग गिटारसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार-पाच थेंब कापडावर घेऊन पातळ हात फिरवावा आणि काही मिनिटांत सगळे पुसून टाकावे. वर्षातून एक-दोन वेळा हे पुरेसे आहे. पावसाळ्यात तर नकोच. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे इतर कोणतेही तेल लावू नये, कारण ते खवट होते आणि त्यावर मळ धरतो. लॅकर दिलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला तेलाची गरजच नसते. घट्ट पिळलेले ओलसर कापड आणि लगेच कोरडे कापड एवढेच पुरते. फ्रेट चमकवण्यासाठी बारीक स्टील वूल वापरायची असेल, तर आधी पिकअप मास्किंग टेपने पूर्ण झाकावेत. स्टीलचे कण पिकअपच्या चुंबकांना जाऊन चिकटतात आणि तिथून निघता निघत नाहीत.

आता सेटअपकडे, म्हणजे मापे जुळवण्याकडे, वळू. येथे क्रम चुकला की सर्व मेहनत वाया जाते, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे माप बदलते. प्रथम गिटार नेहमीच्या तारांसह अचूक सुरात असावी. मग नेकचा बाक पाहावा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून, आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट राहते ते बघावे. ती सुमारे ०.२५ मिलिमीटर असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतील धातूची सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट करावा, फट नसेलच तर उलट दिशेने सैल करावा. परंतु एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून मगच माप घ्यावे. लाकडाला स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून शक्यतो दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. रॉड हलत नसेल तर जोर लावू नये. कीच्या मापाबद्दल विशेष दक्षता हवी: अनेक अमेरिकी गिटारींना एक अष्टमांश इंचाची, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरची की लागते, आणि आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारी ३ मिलिमीटरची की रॉडच्या खाचेत बसल्यासारखी वाटली तरी फिरवताना खाच गोल करते. गिटारसोबत आलेली की म्हणूनच जपून ठेवावी.

बाक जमल्यावर तारांची उंची पाहावी. सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सुमारे १.६ मिलिमीटर हे सुरुवातीला धरण्याजोगे माप आहे. जोरात वाजवणाऱ्याला थोडे अधिक लागेल. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवर दाबलेला स्वर अचूक येणे: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला फक्त हलका स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच तार दाबून येणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्यावे, उतरा असेल तर पुढे आणावे. हे नव्या तारांवरच करावे, कारण झिजलेल्या तारेचा स्वर बाराव्या फ्रेटवर भरवशाचा राहत नाही. पिकअपची उंची सर्वांत शेवटी बघावी. सिंगल-कॉइल पिकअप फार वर आणले तर त्यांची चुंबके तारेलाच ओढतात, आणि वरच्या फ्रेटवर जाड तारा बेसूर, थरथरत्या ऐकू येतात. अशा वेळी इंटोनेशन कितीही बदलले तरी फरक पडत नाही. पिकअप खाली घ्यावे लागतात.

ही तपासणी पावसाळा स्थिरावल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर एकदा करावी. फ्रेटवर तारांच्या खोल खाचा पडल्या असतील किंवा नटच्या खाचा झिजल्या असतील, तर ते काम अनुभवी कारागिराकडे द्यावे आणि त्याला आपण वापरतो त्या तारांची जाडी व आपला नेहमीचा सूर आठवणीने सांगावा.

व्हॉल्यूम किंवा टोनची कळ फिरवताना खरखर आली, तर ती आधी वीस-तीस वेळा पूर्ण फिरवून पाहावी. तेवढ्याने गेले नाही तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या (कळीखालच्या नियंत्रकाच्या) उघड्या फटीत थोडासा मारून पुन्हा फिरवावी. गंज सोडवणारा सर्वसाधारण स्प्रे मारू नये, त्याचा तेलकट थर आत राहतो. जॅकचा (केबल लावायच्या खोबणीचा) बाहेरचा, आवळायचा नट सैल झाला असेल, तर आतला जॅक धरून ठेवूनच तो आवळावा, नाहीतर संपूर्ण जॅक फिरून आतली वायर पिळते आणि तुटते. ॲक्टिव्ह पिकअपच्या गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. केबल लावली की ती चालू होते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढावी.

शेवटी अर्थिंग. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्पच्या (ध्वनिवर्धकाच्या) अर्थशी जोडलेल्या असतात, म्हणून तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते आणि हा दोष नाही. पण याचाच अर्थ असा, की ॲम्पला अर्थिंग नसेल आणि त्यात बिघाड झाला, तर २३० व्होल्टचा दाब तारांवर, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात येऊ शकतो. घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढणे किंवा दोन पिनांचा जोड वापरणे जिवावर बेतू शकते. मायक्रोफोनला ओठ लागताच चटका बसला, तर वाजवणे तत्काळ थांबवावे, ॲम्पचा मुख्य प्लग काढावा आणि खोलीचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा जोडू नये. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) ॲम्प प्लग काढल्यावरही घरी उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार साठून राहिलेला असू शकतो.